विमान का पडले? : प्रतिकृती-विमानाच्या उड्डाणदोषांचे निदान

दूरनियंत्रित प्रतिकृती-विमान हातातून सुटते, दहा-बारा सेकंद हवेत राहते, एका अंगाला कलते आणि जमिनीवर आदळते. या छंदात पडलेल्या प्रत्येकाला हा अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. भोवती जमलेली मंडळी अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोण उडवीत होते?’ हा. प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याच्या उत्तराने विमान पुन्हा उडत नाही. ‘ते कोणत्या क्षणी कलले, कोणत्या बाजूला कलले, तेव्हा मोटर चालू होती की बंद?’ असे विचारले तर मात्र कारण हाती लागते आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान त्याच हातांनी उडू शकते. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

विषय स्मरणिकेच्या वाचकांना काहीसा अपरिचित वाटेल. परंतु राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-विमाने बांधणे व उडविणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. आज थर्माकोलचे पत्रे, लहान विजेची मोटर आणि ट्रान्समीटर तालुक्याच्या गावीही मागविता येतात. तरीही सगळ्या सामानाचे मिळून काही हजार रुपये होतात, आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला ती रक्कम लहान नाही. त्याहूनही मोलाची गोष्ट मुलाचा स्वतःवरील विश्वास ही होय. ‘याच्या हाताला यशच नाही’ हे वाक्य एकदा कानावर पडले की वसतिगृहातील मूल पुन्हा त्या कोपऱ्यातल्या विमानाकडे वळत नाही. म्हणून दोष शोधण्याची रीत मुलांइतकीच पालकांनाही ठाऊक असावी.

पूर्वसूरींचे दाखले

अल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमधील ट्युलरी उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे एक लहान विमान उडवून दाखविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. अंतर फार नव्हते; पण कोणीही न सावरता ते स्वतःहून स्थिर राहिले, हे विशेष होते. पेनोने वजन योग्य जागी ठेवले होते, शेपटीचा पत्रा मुख्य पंखापेक्षा थोड्या कमी कोनात बसविला होता आणि पंखांची टोके वर वळविली होती. आजही शिकाऊ विमानाची स्थिरता याच तीन गोष्टींवर अवलंबून असते. पेनोच्याच कल्पनेवर आधारलेले रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये एका अमेरिकन वडिलांनी आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

राइट बंधूंची कीर्ती १७ डिसेंबर १९०३ च्या बारा सेकंदांसाठी आहे. अभ्यासकाने मात्र त्याआधीची आणि नंतरची वर्षे पाहावीत. १९०१ चे त्यांचे ग्लायडर गणिताने सांगितलेल्या उचलबलाच्या मानाने फारच थोडे बल देत होते. त्यांनी उपलब्ध कोष्टकांवर शंका घेतली, घरच्या कार्यशाळेत लाकडी वातबोगदा बांधला आणि सुमारे दोनशे प्रकारचे लहान पंख तपासले. १९०२ च्या ग्लायडरला मागे घट्ट बसविलेले उभे पत्रे होते. वळताना ते कधीकधी खालच्या पंखाच्या बाजूला घसरे आणि गिरकी घेत वाळूत रुते. बंधूंनी तो पत्रा फिरता केला आणि तो दोष गेला. १९०४ च्या विमानाचे नाक सारखे वरखाली होई, तेव्हा त्यांनी पुढच्या भागात सुमारे ३२ किलो लोखंड बांधून वजनाचा मध्य पुढे आणला. प्रत्येक वेळी दोषाचे वर्णन नेमके केले, कारणाचा तर्क केला, एक बदल केला आणि पुन्हा उडवून पाहिले.

आपल्या महाराष्ट्रातील दाखला अलीकडचा आहे. व्यवसायाने वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. उड्डाणचाचणीची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि पुढील चाचण्यांसाठी ते धुळ्याच्या धावपट्टीवर गेले. विमान बांधून होणे आणि ते उडण्यास योग्य आहे असे सिद्ध होणे, यांत किती अंतर असते हे यावरून ध्यानात यावे.

जमिनीवरच संपणारे दोष

हवेत दिसणाऱ्या अनेक दोषांचे मूळ जमिनीवरच सापडते. त्यासाठी एक साधे विमान डोळ्यांपुढे ठेवू. पंखांचा टोकापासून टोकापर्यंत विस्तार १२० सेंटिमीटर, पंखाची रुंदी २० सेंटिमीटर, एकूण वजन ९०० ग्रॅम.

पहिली तपासणी दिशांची. विमानाच्या मागे उभे राहावे, म्हणजे आपली उजवी बाजू तीच विमानाची उजवी बाजू होते. ट्रान्समीटरची काडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचे एलरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेली पाहिजे व डावी खाली. काडी आपल्याकडे ओढली की शेपटीवरील एलिव्हेटर वर उचलले गेले पाहिजे. रडर काडीच्याच दिशेने वळले पाहिजे. यांतले एक जरी उलटे असेल तर उडविणारा विमान सावरण्यासाठी जे जे करील त्याने ते अधिकच कलेल. हातातून सुटताच उलटणाऱ्या विमानाचे कारण बहुधा एवढेच असते आणि ते ट्रान्समीटरवरील एका कळीने दूर होते.

दुसरी तपासणी सैलपणाची. सर्व्हो म्हणजे पट्टी हलविणारी लहान मोटर. तिच्यापासून पट्टीपर्यंत जाणारी तार सैल असेल तर पट्टी दर वेळी मध्यावर परत येत नाही. असे विमान आज सरळ जाते, उद्या डावीकडे ओढते आणि उडविणारा बुचकळ्यात पडतो. पट्टी बोटाने हलवून पाहावी. तार न हलता ती हलत असेल तर तो सैलपणा आधी काढावा.

तिसरी तपासणी पिळाची. विमान हातभर दूर धरून मागून एका डोळ्याने पाहावे. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा सारख्या दिसल्या पाहिजेत. थर्माकोल व बाल्साचे लाकूड उन्हात किंवा ट्रंकेत दबून पिळते, आणि पिळलेला पंख म्हणजे कायम वळवून ठेवलेले एलरॉन होय.

चौथी तपासणी विजेची आणि संदेशाची. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर उड्डाण करू नये. ट्रान्समीटरमध्ये पल्ला-चाचणीची सोय असेल तर ती चालू करून पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावरून पट्ट्या हलतात का ते पाहावे. संदेश तुटल्यास मोटर आपोआप बंद व्हावी, अशी मांडणी असणे आवश्यक आहे. ही चाचणी पंखा काढूनच करावी.

गुरुत्वमध्य

यानंतर गुरुत्वमध्य. बॅटरी बसवून, उडवावयाच्या पूर्ण तयारीत विमान दोन बोटांवर पंखाखाली तोलावे. शिकाऊ विमान पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश अंतरावर तोलले गेले पाहिजे. आपल्या विमानात हे अंतर ५ ते ६.५ सेंटिमीटर येते. पहिल्या उड्डाणास ५ सेंटिमीटर बरे. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे साधते, जादा वजन बांधण्याची गरज क्वचितच पडते.

हे आधी का करावे? समजा, मोटर बंद ठेवून विमान मऊ गवतावर वाऱ्याच्या समोर हलकेच सोडले. चांगले विमान खांद्याच्या उंचीवरून दहा-बारा मीटर सरळ तरंगत जाते. आपले विमान मात्र नाक वर उचलते, क्षणभर थबकते आणि नाकावर पडते. याची कारणे दोन असू शकतात : शेपूट जड असेल, किंवा एलिव्हेटर वर राहिले असेल. दोन्हींचे लक्षण एकच दिसते. गुरुत्वमध्य मोजून योग्य जागी आणलेला असेल तर पहिले कारण बाद होते आणि उरते ते दुसरे. तो मोजला नसेल तर आपण एलिव्हेटर खाली करीत राहू, तरंगण्यापुरते विमान सुधारल्यासारखे दिसेल आणि पहिल्या जोरदार झोताबरोबर हाताबाहेर जाईल.

उंचीवर गेल्यावर आणखी एक परीक्षा करता येते. पुरेशा उंचीवर मोटर मंद करून विमानाचे नाक थोडे खाली करावे व काडी सोडावी. ते सावकाश स्वतः वर आले तर गुरुत्वमध्य योग्य आहे. एकदम जोराने वर आले तर नाक जड आहे आणि ते उचलून धरण्यासाठी एलिव्हेटर वर ठेवलेले आहे. सूर अधिकाधिक तीव्र होऊ लागला तर शेपूट जड आहे. तत्काळ सावरावे, उतरवावे व बॅटरी पुढे घ्यावी.

लक्षणावरून कारणाकडे

विमान डावीकडे ओढते, ही सर्वांत सामान्य तक्रार. येथे विचारावयाचा प्रश्न : मोटर बंद केल्यावरही ओढते का? मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल तर त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलविते. म्हणून मोटर दोन-तीन अंश उजवीकडे रोखून बसवितात. ओढ केवळ मोटर चालू असताना असेल तर मोटरचा रोख बदलावा. मोटर बंद असतानाही ती टिकत असेल तर दोष पंखात आहे : पीळ, किंवा एक पंख जड. धडाच्या पुढच्या व मागच्या टोकाला दोऱ्याने विमान टांगले की जड पंख खाली जातो. हलक्या पंखाच्या टोकाला थोडे वजन चिकटवावे. मोटरचा दोष एलरॉनने झाकला, तर उतरताना मोटर मंद होताच विमान उलट बाजूला वळू लागते.

वेग वाढविला की विमान वर चढते. थोडेसे चढणे स्वाभाविक आहे, कारण वेगाबरोबर उचलबल वाढते. पण नाक थेट आकाशाकडे जात असेल तर मोटर किंचित खाली रोखावी. दोन-तीन अंश पुरतात.

विमान फार चंचल आहे, काडीला बोट लावताच उडी मारते. आधी गुरुत्वमध्य पुन्हा पाहावा. तो ठीक असेल तर पट्ट्या गरजेपेक्षा अधिक हलत आहेत. सर्व्होच्या दांडीवरील आतल्या छिद्रात तार घातली की पट्टीची हालचाल कमी होते.

एलरॉन उजवीकडे दिले तर नाक क्षणभर डावीकडे जाते. राइट बंधूंच्या ग्लायडरचा हाच सोयरा दोष. खाली गेलेली पट्टी उचलबलाबरोबर हवेचा विरोधही वाढविते आणि तो पंख मागे राहतो. पट्टी वर अधिक व खाली कमी जाईल अशी तार बसवावी, किंवा वळताना थोडे रडर जोडीला द्यावे.

वेगात असताना भुणभुण असा आवाज येतो. ही पट्टीची फडफड होय. मोटर त्याच क्षणी मंद करावी, नाक हळूच उचलून वेग कमी करावा आणि उतरवावे. बिजागरी व तार घट्ट केल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवू नये.

वळताना आतला पंख अचानक खाली जातो व विमान गिरकी घेत पडते. येथे थोडे गणित करावे लागेल. पंखावरून हवा सुरळीत वाहत असेल तोवर उचलबल मिळते. वेग एका मर्यादेखाली गेला की प्रवाह तुटतो. यास ‘स्टॉल’ म्हणतात. आपल्या विमानासाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे साडेसात मीटर, म्हणजे ताशी सुमारे २७ किलोमीटर येते. विमान ६० अंश कलवून उंची न सोडता वळविले तर पंखांना दुप्पट वजन तोलावे लागते आणि ही मर्यादा १.४१ पट होते : सेकंदाला साडेदहा मीटरच्या वर. सरळ जाताना सुखरूप असलेला वेग तीव्र वळणात अपुरा पडतो. उपाय : वळण सैल घ्यावे, वेग राखावा, काडी फार ओढू नये.

माहूरची हवा

शेवटची शंका हवेवर घ्यावी, पण ती घ्यावीच. डोंगराच्या ज्या अंगावर वारा येऊन आपटतो तेथे हवा वर चढते. पलीकडच्या आडोशाला ती खाली कोसळते व भोवरे घेते. माहूरगडाच्या परिसरात टेकड्या, दऱ्या आणि झाडी जवळजवळ आहेत. आडोशाच्या बाजूला निर्दोष विमानही गटांगळ्या खाते. म्हणून चाचणीसाठी टेकडीपासून दूरचे मोकळे रान पाहावे. सोयाबीन निघालेले शेत उत्तम. उभ्या पऱ्हाटीत उतरलेले विमान क्वचितच धड परत येते.

उष्ण हवा विरळ असते. नांदेडइतक्या, म्हणजे सुमारे ३६० मीटर उंचीवर हिवाळी सकाळी १२ अंशांना एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१८ किलो भरते, तर मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांना सुमारे १.०७ किलो. म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास घट. स्टॉलची मर्यादा त्यामुळे सुमारे पाच टक्क्यांनी वाढते आणि पंख्याची ओढही घटते. जानेवारीत नीट उडालेले विमान मे महिन्यात जड वाटले तर त्यात नवल नाही. शिवाय दुपारच्या वावटळी असतातच. चाचणी पहाटेनंतरच्या शांत वेळी करावी.

वाऱ्याचा एक भ्रम फार विमाने पाडतो. वारा सेकंदाला ५ मीटर आहे आणि विमान हवेच्या मानाने ११ मीटर वेगाने चालले आहे असे धरू. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना ते जमिनीवरून पाहणाऱ्यास ६ मीटरने जाताना दिसते. वाऱ्याबरोबर वळले की १६ मीटरने. उडविणारा घाबरून मोटर मंद करतो आणि डोळ्यांना बरा वाटणारा ११ मीटर वेग येईपर्यंत ती मंद करीत जातो. आता हवेच्या मानाने वेग उरला ६ मीटर. मर्यादा साडेसात मीटरची आहे. विमान पडते आणि आपण म्हणतो, वाऱ्याने पाडले.

वही आणि एकच बदल

प्रत्येक विमानाची एक वही असावी. तारीख, वेळ, वारा, गुरुत्वमध्याचे अंतर, दिसलेले लक्षण, केलेला बदल आणि त्याचा परिणाम, एवढ्या नोंदी पुरेत. दोन उड्डाणांच्या मध्ये एकच बदल करावा. बॅटरीही सरकविली, मोटरही वळविली आणि तारही बदलली, तर विमान सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही. बिघडले तर संकट दुप्पट. एकाने उडवावे, दुसऱ्याने पाहून बोलावे, तिसऱ्याने लिहावे. पडलेल्या विमानाचे तुकडे गोळा करण्यापूर्वी ते कसे पडले आहे तेही टिपावे. नाकावर की पंखावर, मोटर चालू होती की बंद, हे तुकडेच सांगतात.

सुरक्षिततेचे नियम यापासून वेगळे काढता येत नाहीत. विजेच्या मोटरचा पंखा बोट कापू शकतो. बॅटरी जोडलेली असताना त्याच्या पुढे हात नेऊ नये. फुगलेली बॅटरी भारित करू नये. माहूरला यात्रेकरूंची वर्दळ असते. माणसांवरून, रस्त्यावरून किंवा देवस्थानांच्या परिसरावरून विमान कधीही नेऊ नये. २०२१ च्या ड्रोन नियमांखाली अशा विमानांचाही विचार होतो. उड्डाणापूर्वी सरकारी नकाशावर आपले क्षेत्र तपासावे, नोंदणीची अट पाहावी आणि विमान सदैव नजरेच्या टप्प्यात ठेवावे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी कित्येक जण आज यंत्रांशी, विजेशी, संगणकाशी संबंधित कामे करतात. सुट्टीत शाळेत याल तेव्हा मुलांना नवे विमान आणण्याआधी जुन्या, मोडलेल्या विमानाची वही मागा. ती त्यांच्याबरोबर बसून वाचा आणि पुढचा एक बदल कोणता, हे त्यांनाच ठरवू द्या.

स्वाध्याय

१. विमान मोटर चालू असताना डावीकडे व बंद असताना सरळ जाते. कोणता भाग तपासाल? (मोटरचा रोख.)

२. पंखाची रुंदी २४ सेंटिमीटर असल्यास पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून किती अंतरावर ठेवाल? (६ सेंटिमीटर.)

३. स्टॉलची मर्यादा सेकंदाला ८ मीटर असलेले विमान ६० अंश कलवून उंची न सोडता वळविले, तर किमान वेग किती हवा? (सुमारे ११.३ मीटर, प्रत्यक्षात त्याहून अधिक.)

४. विमान सोडताच उलटले. वहीत पहिली नोंद कोणती कराल आणि दुरुस्तीपूर्वी कोणती एक तपासणी कराल? (कोणत्या बाजूला उलटले ते लिहावे, मग मागे उभे राहून पट्ट्यांच्या दिशा पाहाव्यात.)